जोडवाघाच्या वाडीतले सिंह

२१ ऑगस्ट

आज वाडीतल्या प्रत्येक खोलीच्या चौकटीवर लाल रंगाने क्रमांक घालण्यात आले. खोल्या रिकाम्या करण्यापूर्वीची ही शेवटची मोजणी, असे हितेंद्रने सांगितले. हितेंद्र हा रहिवासी संघाचा चिटणीस; लग्न होऊन मी परळ सोडून माटुंग्याला गेले तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता. मालनवहिनींच्या, म्हणजे माझ्या दिवंगत थोरल्या भावाच्या पत्नीच्या, चौकटीवरचा रंग अजून ओला होता. त्याला पदर लागू नये म्हणून त्या अंग चोरून आतबाहेर करत होत्या.

मी आकड्यांकडे पाहिले नाही. अंगणात जाऊन त्या दोघांसमोर उभी राहिले.

दैनंदिनीत स्वतःलाच समजावून सांगण्याचे कारण नाही. परंतु सारी नोकरी प्राचीन संस्कृती शिकवण्यात गेल्यामुळे विषय मुळापासून मांडल्याखेरीज मला विचारच करता येत नाही. तर आमच्या वाडीला जोडवाघाची वाडी म्हणतात. गिरण्यांत कामाला आलेल्या कोकणी माणसांसाठी ही चाळ बांधताना पाया खणला, तेव्हा जमिनीतून दोन दगडी जनावरे निघाली. खणणारे बहुतेक मालवणकडचे. त्यांच्या गावांच्या शिवेवर वाघाचे स्थान असतेच. त्यांना हे वाघच वाटले. निघाले तिथेच चौथरा बांधला, शेंदूर लावला, चांदीचे डोळे बसवले आणि थोरला व धाकटा अशी नावे पडली. शंभर वर्षे शेंदरावर शेंदूर चढत गेला. आज ते दोन गरगरीत, केशरी, हसऱ्या तोंडाचे प्राणी आहेत. लहानपणी धाकट्याच्या पाठीवर बसून मी पाढे पाठ केले आहेत.

माझे मत असे की ते वाघ नव्हेत. ते सिंह आहेत, शिलाहार राजांच्या काळातले, म्हणजे सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचे. एखाद्या मंदिराच्या पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना बसवलेले. उत्तर कोकणाचा कारभार तेव्हा ठाण्याहून चाले आणि परळ हे वेगळे बेट होते. त्या मंदिराचा दुसरा एकही दगड आज जागेवर नाही. हे दोघे जिथे आहेत तिथे ते मंदिर होते, इतकाच पुरावा उरला आहे. उचलून अन्यत्र ठेवले की ते नुसते दोन दगड होतील.

चाळ पाडून बांधायच्या नव्या इमारतीच्या नकाशात चौथऱ्याच्या जागी मोटारी तळघरात नेण्याचा उतार आहे. यांचे काय, असे मी विकासकाच्या माणसाला विचारले. तो म्हणाला, "बघू ना मॅडम." या शहरात ज्या ज्या दगडाविषयी मला 'बघू' असे सांगण्यात आले, तो मला पुन्हा पाहायला मिळालेला नाही.

२९ ऑगस्ट

वारसा-जतनाच्या तज्ज्ञ समितीला मी पत्र लिहिले होते, तिचे उत्तर आले. नम्र आहे, आणि खरे सांगायचे तर रास्तही आहे. शेंदराखालील वस्तूविषयी मत देता येत नाही. मूळ कोरीव काम स्पष्ट दिसेल अशी छायाचित्रे पाठवावीत, म्हणजे पाहणीसाठी माणूस येईल. पाहणीत प्राचीनत्व ठरले तर जागेवरच संरक्षण मिळू शकेल, आणि मग उताराला दुसरी वाट शोधावी लागेल.

म्हणजे शेंदूर काढावा लागणार. यात विपरीत काही नाही. शेंदूर तेलात कालवून लावतात. वर्षानुवर्षांच्या लेपाचे कठीण कवच बनते. कित्येक देवस्थानांत ते आपोआप गळून पडते आणि लोक ते वाजतगाजत पाण्यात सोडतात. काळ जे करतो ते आपण हलक्या हाताने करायचे, इतकेच.

वहिनींना हे सर्व मी मेथी निवडता निवडता नीट समजावले. रोज सकाळी त्या दोघांना पाणी घालतात, फूल वाहतात, शनिवारी शेंदूर लावतात. सासूकडून त्यांच्याकडे आलेले काम. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"सुचित्रा, म्हाताऱ्या माणसाचे कपडे काढून बघतंस काय गो तू?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"आत दगडच आसा मां? मगे दगड तुका खयही मिळतलो."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले.

१९ सप्टेंबर

गणपतीच्या दिवसांत लालबाग-परळच्या बाजूला फिरकणे शक्य नव्हते. आज गेले, तर गुणाजीकाका म्हणाले, पितृपंधरवडा लागला, आता दसऱ्यापर्यंत देवाला हात लावायचा नाही. गुणाजीकाका वाडीतले सर्वांत वयोवृद्ध. गिरणी बंद पडेपर्यंत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, आणि देवापुढे गाऱ्हाणे घालण्याचा मान त्यांचाच. दिवस वाया जात आहेत आणि मला काहीच करता येत नाही. सकाळी उठावे असे वाटत नाही.

चाळीची अवस्था मात्र पाहवत नाही. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीला लोखंडी टेकू दिले आहेत. वहिनी पाण्याचे टमरेल घेऊन, भिंतीला धरून, एक-एक पाय टेकत शौचालयाकडे जातात. ते चाळीच्या दुसऱ्या टोकाला. मी शेंदराविषयी बोलत होते तेव्हा त्या निघाल्या आणि परत आल्या तरी माझे बोलणे संपले नव्हते.

आनंदाची एकच गोष्ट. ज्याला मी विरोधक समजत होते तो हितेंद्र आज आपणहून जवळ येऊन बसला.

"मॅडम, एक डाउट होता. तुमचं ते शेंदूर काढायचं चाललंय ना, मूर्ती आतून अख्खी असेल ना? भंगलेली बिंगलेली निघाली तर?"

इतका नेमका प्रश्न मला वर्गात क्वचितच कोणी विचारला असेल. मी त्याला सविस्तर सांगितले की या काळातले शिल्प मुंबईत अभंग मिळणे जवळजवळ अशक्य. परचक्रे आली, भराव पडले, पोर्तुगीज आले, पुन्हा भराव पडले. भंगलेले असणे ही तर त्याच्या वयाची खूण. तो लक्ष देऊन ऐकत होता.

"हे तुम्ही सगळ्यांसमोर सांगाल? अंगणात खुर्च्या मांडतो, माइक लावतो. लोकांना कळलं पाहिजे ना."

"अवश्य सांगेन."

"आमची आई ह्याच जिन्यावरून पडून गेली, मॅडम," असे तो उठता उठता म्हणाला. त्याचा या विषयाशी काय संबंध ते मला कळले नाही. परंतु वाईट वाटले, आणि मी तसे त्याला म्हणाले.

१५ ऑक्टोबर

दसरा झाला. आज गुणाजीकाकांनी कौल लावला. तुळशीची दोन पाने पाण्यात भिजवून थोरल्याच्या दोन खांद्यांना चिकटवतात. उजवे आधी गळाले तर देवाचा होकार. सारी वाडी गोळा झाली होती. काकांनी डोक्याला टॉवेल गुंडाळून गाऱ्हाणे घातले.

"बा देवा म्हाराजा, ही आमची लेक शिकान मोठी झाली. तिका तुझा मूळचा रूप बघूचा आसा. तुझी जागा ऱ्हवची म्हणान ता करता. काय चुकला माकला तर पोटात घाल म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

उजवे पान पडले. तेलकट पृष्ठभागावर उन्हाची बाजू आधी सुकते आणि थोरल्याचा उजवा खांदा पूर्वेला आहे, हे मला दिसत होते. पण मी कोणाला बोलले नाही. वहिनींनी देवाला नमस्कार केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्यानाच हो म्हटल्यान तर मी कोण?"

किर्ती आली आहे. ती माझी विद्यार्थिनी. आता दगडी शिल्पांच्या जतनाचे काम करते. हत्यारे मांडताना तिने हळूच विचारले, "बाई, सगळं काढायलाच हवं का? एका कुशीवर वीतभर खिडकी उघडली तरी फोटोला पुरेल. तोंड राहू दे."

मी म्हटले, अर्धे ज्ञान हे ज्ञान नव्हे.

१७ ऑक्टोबर

क्रमाने लिहिते.

कवच थराथराने सुटत गेले. झाडाच्या खोडात वर्षे दिसावीत तसे शेंदराचे थर: गडद, फिकट, पुन्हा गडद. मध्ये तांदळाचे दाणे, फुलांचे देठ आणि गिरणीतल्या सुताचे धागे. धाकटा आधी मोकळा झाला. तो सिंहच आहे. आयाळीचे वळसे शंखासारखे कोरलेले; गळ्यात घुंगुरमाळ; आणि ज्याची मी स्वप्नातही अपेक्षा केली नव्हती ते म्हणजे उजव्या पंजाखाली हत्तीचे इवले पिल्लू, सोंड वर करून विनवणी करणारे. कान एक तुटका, बाकी सर्व शाबूत. मी खाली बसले आणि रडले. साऱ्या आयुष्याचे अनुमान दगडात कोरलेले समोर होते.

दुपारनंतर थोरला. त्याच्या तोंडावरचे कवच एकसंध सुटले, मुखवट्यासारखे, चांदीच्या डोळ्यांसह किर्तीच्या हातात आले. त्याच्या आत तोंड नव्हते. जबडा, नाक, कपाळ, काहीच नाही. कानांपासून पुढचा भाग फार पूर्वी तुटला असावा, कारण भंगाच्या कडा पार झिजलेल्या आहेत. डावा पुढचा पायही नाही. म्हणजे इतकी वर्षे सर्वांनी ज्या हसऱ्या तोंडाला हात जोडले, ते संपूर्ण शेंदराचे होते. चार पिढ्यांतल्या बायकांच्या बोटांनी घडवलेले. हे निरीक्षण अत्यंत रोचक आहे. त्यावर स्वतंत्र टिपण लिहिता येईल.

गुणाजीकाकांनी किर्तीकडून तो मुखवटा मागून घेतला आणि धरून बसून राहिले. वहिनी आत गेल्या, आपली धुवट साडी आणली आणि थोरल्यावर टाकली. छायाचित्रे घेण्यासाठी ती मला दोनदा बाजूला करावी लागली.

छायाचित्रे उत्कृष्ट आली आहेत. आजच समितीला पाठवली.

२० ऑक्टोबर

व्याख्यान झाले. हितेंद्रने खरोखर खुर्च्या मांडल्या, माइक लावला आणि कापडी फलकही करून घेतला. त्यावर मी सुचवलेले शीर्षक, 'परळची भग्न शिल्पे'. 'भग्न' हा शब्द त्याने बाकीच्यांपेक्षा मोठा छापून घेतला होता. छपाईत असे होते.

मी तासभर बोलले. शिलाहार, बेटे, व्यापार, मंदिर कसे असेल, पायऱ्या कोणत्या दिशेला. सिंह हत्तीला दाबतो याचा अर्थ काय. मुले पुढे सरकून बसली. इतके एकाग्र श्रोते मला फार वर्षांत मिळाले नव्हते, आणि मला वाटले की अजून सर्व संपलेले नाही.

शेवटी गुणाजीकाका उभे राहिले.

"बाय, एक सांग. म्हणजे आमी इतकी वर्सां खंडित देवाची पूजा केली?"

मी म्हटले, "काका, त्यात तुमचा दोष काहीच नाही. तुम्हाला ते ठाऊक नव्हते."

"पण ता खंडित आसा."

"होय. निःसंशय."

"मगे अशा देवाचा शास्त्रात काय सांगितला हा?"

प्रश्न विचारला गेला याचाच मला आनंद झाला, आणि मी उत्तर पूर्ण दिले. मूर्तिशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत स्पष्ट म्हटले आहे की अंग तुटलेली मूर्ती पूजेत ठेवू नये. ती खोल पाण्यात सोडावी. म्हणूनच जुन्या तळ्यांचा गाळ काढला की शिल्पे सापडतात. लोकांनी ती टाकलेली नसतात, आदराने निरोप दिलेला असतो. श्रोत्यांपैकी काहींनी माना हलवल्या. हितेंद्र म्हणाला, "मॅडम, तेवढं जरा माइकमध्ये परत सांगा, मागे ऐकू नाही आलं." मी परत सांगितले.

काका खाली बसले नाहीत. खोलीकडे निघून गेले. वयोमानाने त्यांना इतका वेळ बसवत नसावे.

२८ ऑक्टोबर

वाघबारस. कोकणात या दिवशी एका मुलाला वाघ करतात, अंगाला पट्टे काढतात, त्याला पळवतात, आणि शिवेवरच्या वाघाला खिरीचा नैवेद्य दाखवतात. वाघाने गुरांना सांभाळावे हा हेतू. गुरे नसताना गिरणी कामगारांनी ही प्रथा परळमध्ये चालू ठेवली. वाघाने कोणाला सांभाळावे असे त्यांना वाटत होते, याचा अभ्यास व्हायला हवा.

या वर्षी कोणी वाघ झाले नाही. चौथऱ्यावर हितेंद्रने निळी ताडपत्री टाकून दोरीने बांधली आहे. पाऊस कधीच गेला. नैवेद्याचे ताट घेऊन एकही बाई आली नाही. मी ताडपत्रीची एक कड उचलून पाहिली. फूल नव्हते, पाणी नव्हते, दगड कोरडा होता. वैज्ञानिक दृष्ट्या ही आदर्श अवस्था. तरी तिथे थांबवले नाही.

वहिनींच्या खोलीत खीर शिजल्याचा वास होता. "कोणासाठी केली?" मी विचारले.

"सवयीन केलंय," त्या म्हणाल्या. आम्ही दोघींनी ती खाल्ली. त्या एकदाच बोलल्या. "रातचो त्याका तोंड नाय ता डोळ्यासमोर येता. भूक लागली तर खातलो कसो?"

मी त्यांना दगडाविषयी समजावू लागले, आणि का कोण जाणे, मध्येच थांबले.

११ नोव्हेंबर

मयूरचा फोन. मयूर वहिनींचा मुलगा, माझा भाचा. काल रात्री संघाची सभा झाली. मी आता वाडीची रहिवासी नसल्यामुळे मला बोलावणे नव्हते.

"आत्या, सगळ्यांनी मिळून ठरवलंय. देव खंडित आहे, ठेवायचा नाही. विधी करून समुद्रात सोडायचा."

"मयूर, पाहणीला माणूस येणार आहे. डिसेंबरमध्ये. त्यांनी छायाचित्रांचे कौतुक केले आहे."

"ते ठीक आहे गं. पण लोक घाबरलेत. पहिल्या माळ्यावरच्या पोरीचं लग्न मोडलं, तर तेपण ह्याच्यामुळेच असं म्हणतायत. खंडित देव दारात असताना नव्या घराची पूजा कशी करायची, हे आहे."

"हे हितेंद्रने घडवून आणले. त्याला त्याचा उतार हवा आहे."

"हितेंद्रदादा काही बोललाच नाही, आत्या. त्याला बोलायची गरजच नाही पडली."

१२ नोव्हेंबर

गुणाजीकाकांना भेटले. ते बाकड्यावर बसून पेपर वाचत होते. वाचत नव्हते, धरून होते. मी त्यांना सर्व युक्तिवाद पुन्हा केले: शिल्प आणि मूर्ती यांतला भेद, हे दोघे गाभाऱ्यातले देव नव्हेत, द्वाराची शोभा आहेत, शोभेला भंगाचा दोष लागत नाही. हे शास्त्रशुद्ध आहे.

"आमका ते शोभा नाय व्हते," काका म्हणाले.

"काका, ते गेले तर या जागेला नऊशे वर्षे होती हे सांगणारे काहीच उरणार नाही."

"बाय, माझ्या बापाशीन त्याका गाऱ्हाणा घातला, मी घातलंय. संपाच्या वेळी पोरा उपाशी व्हती, तेवा मी थयसर रडलंय. आता तू सांगतंस, थय तोंडच नव्हता." त्यांनी पेपराची घडी घातली. "मी कोणाकडे रडलंय?"

मी म्हणाले की निदान विसर्जन तरी करू नका.

"ता पण तूच सांगितलंस. माइकवरसून. दोन वेळा."

हा गैरसमज आहे. मी संदर्भ दिला होता, सूचना नव्हे. अभ्यासाच्या व्याख्यानात संदर्भ द्यावेच लागतात. घरी येईपर्यंत हे वाक्य मी मनात अनेक वेळा उच्चारले.

२५ नोव्हेंबर

ते गेले.

मला कोणी कळवले नाही. समितीला हवे असलेले एक माप घ्यायचे राहिले होते म्हणून सकाळी गेले, तर चौथऱ्यावर दोन चौकोनी खड्डे, ओलसर माती, आणि हळद-कुंकवाचे सडे. ताडपत्री नीट घडी करून ठेवलेली.

मयूर म्हणाला की पहाटे टेम्पो आणला, साखळीची कप्पी लावून दोघांना उचलले आणि माझगावला कोळ्याच्या होडीत चढवले. तो स्वतः दोर धरायला होता. वहिनींनी दोघांना दहीभात दाखवला, नवे कापड गुंडाळले. थोरल्याचा शेंदराचा मुखवटा गुणाजीकाकांनी जपून ठेवला होता, तो वहिनींनी जागेवर बसवून सुतळीने बांधला. म्हणजे जाताना त्याला तोंड होते.

"आईनं सांगितलं, आत्याला उठवू नका," तो म्हणाला. "तुला त्रास होईल म्हणून."

मातीच्या खड्ड्यांची मापे घेतली. दुसरे काय करणार.

२७ नोव्हेंबर

माझगावच्या धक्क्यावर लहू यांना शोधून काढले, होडी त्यांची. पन्नाशीचे, कोळी, जाळे दुरुस्त करत होते. मी स्वतःची ओळख करून दिली आणि शक्य तितक्या शांतपणे विषय मांडला. बसाल्टचा दगड खाऱ्या पाण्यात शतकानुशतके टिकतो. गाळात रुतला तर अधिकच. जागा नेमकी कळली तर पाणबुड्यांच्या मदतीने काढता येईल. असे अनेक ठिकाणी झाले आहे.

"जागा नाय सांगता येत, बाई."

"तुम्हाला आठवत नाही का? तुम्ही तर खडक न् खडक ओळखता."

"आठवते ना." त्यांनी सुई जाळ्यातून ओढली. "तुमच्या घरचा माणूस पोचवला, आणि दुसऱ्या दिवशी कोण विचारायला आला कुठे पोचवला, परत आणतो, तर सांगाल?"

"ते दगड आहेत, लहूभाऊ."

"मग कशाला पाहिजेत?" ते भांडत नव्हते. खरोखर विचारत होते.

मी बराच वेळ धक्क्यावर बसले. भरती होती. पाणी तपकिरी, त्यात काही दिसत नाही. या पाण्याखाली जमीन कशी बदलत गेली, कोणते बेट कुठे होते, कोणती खाडी कधी बुजवली, हे सर्व मला पाठ आहे. ते कोणालाही नको आहे. मला स्वतःला हवे आहे का, हेही आज सांगता येत नाही.

१२ डिसेंबर

पाहणीसाठी समितीचा माणूस आला होता. तरुण, हुशार, नम्र. मी त्याला दोन खड्डे दाखवले. त्याने विचारले, "बाई, पण तुमच्या पत्रात तर..." निघताना त्याने छायाचित्रांची प्रशंसा केली. इतका सुंदर गजसिंह मुंबईत पाहिला नाही, म्हणाला.

वाडी अर्धी रिकामी झाली आहे. गुणाजीकाका मुलीकडे, गावाला गेले. मला न भेटता.

२ जानेवारी

काही लिहिण्यासारखे नाही. टिपण पूर्ण करायला घेतले. 'शेंदराचे मुख' या परिच्छेदापाशी थांबते आणि कागद बाजूला ठेवते.

१४ जानेवारी

संक्रांत. वहिनी आता घोडपदेवला भाड्याच्या खोलीत आहेत, तळमजल्यावर. शौचालय घरातच आहे. त्यांनी मला दार उघडून ते दाखवले आणि दिवाही लावून दाखवला. गुडघे बरे आहेत. मी गेले तेव्हा त्या खिडकीशी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. सकाळची वेळ त्यांना जात नाही, असे मयूरची बायको अपेक्षा मला हळूच म्हणाली. पाच वाजता उठतात, आंघोळ करतात, फुले निवडतात आणि तशाच बसून राहतात.

मी सर्वांत चांगल्या छायाचित्राची मोठी प्रत काढून, चौकटीत बसवून नेली होती. कलत्या उन्हात घेतलेले. आयाळीचा एकेक वळसा सुटा दिसतो. दोघे शेजारी शेजारी. इतकी मोठी प्रत मी स्वतःसाठीही काढली नव्हती.

वहिनींनी तिळगूळ दिला, हात पुसले आणि तसबीर घेतली. खिडकीच्या उजेडात धरून पाहिली.

"कोण गो हे?"

"आपले थोरला आणि धाकटा, वहिनी."

त्यांनी पुन्हा पाहिले. अपेक्षाला चष्मा आणायला सांगितला. चष्मा लावून, तसबीर आधी जवळ आणि मग लांब धरून पाहिली.

"नाय," त्या म्हणाल्या. "आमचे असे नाय व्हते."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि सावकाश, एकेक गोष्ट बोटाने दाखवत समजावले. ही आयाळ. ही घुंगुरमाळ. हा पंजा, आणि त्याखाली हे हत्तीचे पिल्लू. त्याने सोंड वर केली आहे पाहा. हा थोरला, याचा हा खांदा, ज्यावर तुम्ही फूल ठेवत होतात. पाहुण्याचे ऐकून घ्यावे तसे त्या मान हलवत सगळे ऐकत होत्या. माझे बोलणे संपले, तेव्हा त्यांनी पदराने काच पुसली आणि तसबीर माझ्या हातात परत दिली.

"बरे आसत," वहिनी म्हणाल्या. "कोणाचे ते?"